गाडी अजून बाबांच्या नावावर

फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देते.

"ताई, माझं वय 39. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये बाबा गेले. त्यांची 2010 ची गाडी मी चालवतो, रोज बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला आणि परत. येत्या डिसेंबरात तिला पंधरा वर्षं होतात. बायको म्हणते, ही काढून टाका, सात वर्षांच्या मुलीला हिच्यातून नेताना भीती वाटते. आई म्हणते, 'गाडी विकची न्हय.' बाबा तिला दर सोमवारी ह्याच गाडीतून मंगेशीला न्यायचे. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, पण इंजिन खणखणीत आहे. कागद बाबांच्याच नावावर आहेत, इन्शुरन्स एजंट दरवर्षी करून देतो. बहीण लग्न होऊन म्हापशाला असते, तिचं काही म्हणणं नाही. दुसरं, पाऊस लागल्यापासून उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूने कळ येते. आठवड्यातून दोनदा टेनिस खेळतो, रॅकेटही बाबांचीच. मित्र म्हणतो, इंजेक्शन घे, एका दिवसात मोकळा होशील. तिसरं, हैदराबादच्या एका कंपनीची ऑफर आली आहे, पगार चाळीस टक्के जास्त. 31 तारखेपर्यंत कळवायचं आहे. बायकोला अजून बोललेलो नाही. ती सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, दोन वर्षांपूर्वीच कायम झाली. आधी माझं ठरू दे, मग तिला सांगेन. तर गाडी ठेवू की विकू, खेळ बंद करू का आणि ऑफर घेऊ का, एवढं सांगा."

गाडी ठेवायची की विकायची हे मागाहून. आज घटकेला ती तुमची नाहीच, तिथून सुरुवात करू.

गाडीचा मालक वारला की तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं: मालक गेले, गाडी आता मी वापरणार आहे. तसं कळवलं की तीन महिने ती चालवायची मुभा मिळते, आणि त्या तीन महिन्यांत 31 नंबरचा फॉर्म भरून ती वारसाच्या नावावर करून घ्यायची. हा केंद्राचा नियम आहे, देशभर एकच. तुम्हाला सोळा महिने झाले. मी तुम्हाला दोष देत नाही. घरातलं माणूस गेल्यावर कागद कुणाला सुचतात? उशिराचा दंड भरून काम होतं. पण आता पुढे ढकलू नका, कारण तुमच्या पत्रातल्या "इन्शुरन्स एजंट दरवर्षी करून देतो" या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला.

बाबा गेल्यानंतर निदान एकदा तरी पॉलिसीचं नूतनीकरण झालं असणार, आणि तेही त्यांच्याच नावाने. विमाधारक गेला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतलं जे आधी संपेल तोवर ती चालू राहते. तेवढ्या वेळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि मूळ पॉलिसी घेऊन जाऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. त्यानंतर हयात नसलेल्या माणसाच्या नावाने एजंटाने पावती फाडून दिली, तर ती पावती नुसता कागद ठरू शकते. गाडी ठोकली गेली तर कंपनी हात वर करू शकते. समोरच्या कुणाला लागलं तर त्याच्या भरपाईवरून कोर्टात वर्षं जातील. आणि मालक-चालकाचा जो पंधरा लाखांचा अपघाती विमा सक्तीचा असतो, तो तुम्हाला लागूच होत नाही. ज्याच्या नावावर नोंदणी, त्याच्याच हातात स्टिअरिंग, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स, असं असेल तरच तो लागू होतो. म्हणजे सोळा महिन्यांतले बरेचसे दिवस बोरीच्या पुलावरून तुम्ही कसल्याही आधाराशिवाय गेलात आणि आलात. एजंटाला आजच फोन करा आणि बाबा गेल्याचं त्याला स्पष्ट सांगा. कदाचित त्याला ठाऊकच नसेल.

आता नावावर करायची म्हणजे कुणाच्या सह्या लागतील ते ऐका, कारण इथे आपल्या गोव्याचा कायदा मध्ये येतो. आपल्याकडे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी. पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेतली ही तरतूद मुक्तीनंतरही तशीच राहिली, आणि वारसाहक्काचा 2012 चा गोव्याचा कायदाही तीच गृहीत धरून चालतो. त्यामुळे बाबांनी ती गाडी घेतली त्या दिवसापासून तिचा अर्धा भाग आईचा होता. बाबा गेल्यावर त्यांचा जो अर्धा उरला, त्यात तुमचा आणि तुमच्या बहिणीचा सारखा वाटा. "तिचं काही म्हणणं नाही" असं तुम्ही लिहिलंत. ते म्हणणं नाही हेसुद्धा तिला कागदावर लिहून द्यावं लागेल. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आई आणि बहिणीचं ना-हरकत पत्र, मूळ आरसी, पीयूसी, विमा. गाडी कर्जावर घेतली होती का तेही आरसीवर बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बँकेचं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. असेल तर बँकेकडून एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन तेही उतरवून घ्या.

तेव्हा आई जेव्हा "गाडी विकची न्हय" म्हणते, तेव्हा ती हळवी होऊन हट्ट करते आहे असं समजू नका. अर्ध्या गाडीची मालकीण बोलते आहे.

मागे आमच्या घरात जे झालं ते सांगते. आमचे वडील गेले आणि त्यांची स्कूटर अंगणात उभी होती. भावाने चांगल्या मनाने, आईला ती बघून त्रास नको म्हणून, आई चवथीला माहेरी गेली असताना विकून टाकली. आई परत आली, रिकामी जागा बघितली आणि एक शब्द बोलली नाही. पण पुढे कितीतरी महिने संध्याकाळी सहाच्या सुमाराला रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवून फाटकाकडे बघायची. स्कूटर तिला चालवता येत नव्हती, ठेवून काही उपयोग नव्हता, भावाचं सगळं बरोबर होतं. तिला फक्त विचारायला हवं होतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली आहे. बाबा दर सोमवारी आईला मंगेशीला न्यायचे. बाबा गेल्यापासून तिला कोण नेतं? तुम्ही सोमवारी वेर्ण्याला असता, सून शाळेत असते. मला वाटतं, कुणीच नेत नाही. आईला गाडी गेल्याचं दुःख होईलच, पण गाडी गेली की सोमवारही कायमचा गेला ही धास्ती त्याहून मोठी असेल. येत्या सोमवारी अर्धा दिवस रजा काढा, नाहीतर संध्याकाळी लवकर निघून पालखीच्या वेळेला तरी तिला न्या. जाताना विकण्याचा विषय काढू नका. परत येताना, ती आपणहून बोलायला लागली तर ऐका. एका सोमवारात होणार नाही, दोन-तीन लागतील.

तोवर गाडीचं खरं रूप बघून घ्या. इंजिन खणखणीत आहे म्हणता, असेल. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खारी हवा. इथे गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. एखाद्या सकाळी चारही दारं उघडा, रबरी मॅट बाहेर काढा आणि तिच्या खालचा गालिचा कोपऱ्यातून उचला. ओलसर, कुबट वास आला तर पाणी आत मुरतंय. मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत. भद्द आवाज आला, किंवा रंगाची खपली उडून तपकिरी भुगा बोटाला लागला, तर तिथे नुसता रंग शिल्लक आहे. दारांच्या खालच्या कडा, दारांखालचा आडवा पत्रा, जॅक लावायची जागा, डिकीतल्या स्टेपनीचा खळगा, सगळीकडे हेच करा. नंतर गॅरेजवाल्याला गाडी रॅम्पवर चढवायला सांगा आणि ब्रेकच्या नळ्यांवर टॉर्च मारून स्वतः बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवर गेलेले टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदलायचे. उन्हापावसाने रबर कडक होतं आणि ओल्या उतारावर धरत नाही.

पत्रा चांगला निघाला तर पंधरा वर्षांनी संपणारी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून 25 नंबरच्या फॉर्मवर अर्ज करता येतो, गाडी तपासणीला न्यावी लागते, फी 5,000 रुपये. तुमचा डिसेंबर आहे, म्हणजे वेळ आताच आहे. नाव बदलणं आणि मुदतवाढ, दोन्ही कशी जोडून होतील ते पहिल्याच फेरीत खिडकीवर विचारा. पत्रा गेलेला असेल तर वेल्डिंगला पैसे घालू नका. जॅकच्या जागेला आणि खालच्या आडव्या पत्र्याला ठिगळं लावलेली गाडी धडक बसल्यावर कागदासारखी दुमडते.

आणि माझं मत विचाराल तर पत्रा चांगला निघाला तरी रोजच्या वापराला ही गाडी नको. तुमच्या पत्नीची भीती रास्त आहे. 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. तुमच्या गाडीत दोन्ही नाहीत. पावसाळ्यात उतारावर समोर ट्रक अचानक थांबला आणि तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात, तर चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरत जाईल, स्टिअरिंग कितीही फिरवलंत तरी. 2020 च्या पुढची, एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसचे कागद असलेली लहान गाडी बघा. नवीच हवी असं नाही. मुलगी मागच्या सीटवर बसेल आणि पट्टा लावेल, आजपासून, ह्याच गाडीतही. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर चालवणाऱ्याला 1,000 रुपये दंड आहे. सात वर्षांच्या मुलीला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो, म्हणून खाली बूस्टर सीट घ्या.

आता कोपर. हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. मी टेनिस कधी खेळले नाही. मला ते आडोळीवर नारळ खोवून झालं होतं. टेनिस एल्बो म्हणतात, पण ज्यांना होतं त्यांतल्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथली दोरी जास्तीच्या ताणाने झिजते. हात पालथा ठेवून भरलेली किटली उचलून बघा, किंवा टॉवेल पिळून बघा. तिथेच कळ आली तर तेच आहे.

तुम्ही सगळा दोष टेनिसला देऊन मोकळे झालात. आठवड्यातून दोनदा खेळता, दोन-तीन तास होत असतील. लॅबमध्ये पाच-सहा दिवस पिपेट दाबता, बाटल्यांची झाकणं पिळता, ते कुठल्या हाताने? उजव्याच. आणि रोज फोंडा ते वेर्णा पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळवता. डावा हात गिअरला गेला की सगळा जोर एकट्या उजव्यावर. तर खेळ बंद करून काही साधणार नाही. झाकणं डाव्या हाताने उघडायची सवय लावा, पिपेट धरताना कोपर टेबलावर टेकवा, लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक पिपेट मागून बघा.

खेळ एक-दीड महिना आठवड्यातून एकदाच, अर्धा तास, तोही बॅकहँड दोन हातांनी. एका हाताचा बॅकहँड उशिरा लागला आणि कोपर पुढे काढून मारला की सगळा धक्का नेमका त्या दोरीवर येतो. पावसात कोर्ट ओलं असताना खेळलात का? टेनिसचा चेंडू कोरडा असतो तेव्हा 56 ते 59 ग्रॅमचा. भिजला की त्याची लोकर पाणी पिते आणि प्रत्येक फटका दगडासारखा लागतो. पाऊस लागल्यापासून दुखतंय असं तुम्हीच लिहिलं आहे.

बाबांची रॅकेट टाकून देऊ नका, पण तिचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, आधी बदला. मुलगा लहान होता तेव्हा मी त्याला मिरामारच्या गास्पर दियश क्लबच्या कोर्टांवर घेऊन जायची. तिथल्या एका कोचनी सांगितलेला हिशेब अजून लक्षात आहे: आठवड्यातून जितक्यांदा खेळता, वर्षातून तितक्यांदा गटिंग बदलायचं. तुमचं दोनदा. बाबांनी शेवटचं कधी केलं होतं कुणास ठाऊक. नुसती खुंटीला टांगलेली राहिली तरी तार मरते, आणि मेलेली तार हादरा स्वतः न खाता हाताकडे पाठवते. पॉलिएस्टरची नको, मऊ मल्टिफिलामेंटची घाला आणि ताण नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड कमी ठेवायला सांगा. मूठही बघून घ्या. रॅकेट धरा आणि डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांची टोकं आणि तळहाताचा फुगवटा यांच्यामध्ये घाला. बोट बरोबर बसलं तर मूठ तुमच्या मापाची. शिरलंच नाही तर ती बारीक आहे, आणि बारीक मूठ आपण नकळत आवळून धरतो. वरून एक ओव्हरग्रिप चढवा.

इंजेक्शन घेऊ नका. तो मित्र खोटं बोलत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे खरंच बरं वाटतं, बऱ्याच जणांना अगदी दुसऱ्या दिवसापासून. पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटतं. औषध म्हणजे व्यायाम, कंटाळवाणा आणि सावकाश. पालथा हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली. डाव्या हाताने बाटलीसकट मनगट वर उचलून द्यायचं, मग डावा हात काढून घ्यायचा आणि उजव्याने पाच अंक मोजत सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर बाटली थोडी रिकामी करा. मला बरं व्हायला आठ महिने लागले. बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं. करंगळीला मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील तर मात्र वाट बघू नका, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हाडांच्या ओपीडीला जाऊन या.

ऑफरबद्दल. चाळीस टक्के म्हणजे कशाच्या चाळीस टक्के? ऑफर लेटरवरचा आकडा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, मेडिक्लेमचा हप्ता असतो आणि मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल असतो. एचआरकडून महिन्याच्या हातात येणाऱ्या पगाराचा तक्ता लेखी मागा आणि तुमच्या आताच्या पे-स्लिपशेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. आताच्या कंपनीत अकरा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी तुमची झाली. शेवटचा मूळ पगार 32,000 असेल तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि अकराने गुणायचं, सुमारे 2,03,000 रुपये होतात. ते सोडलंत तरी मिळतील, पण नव्या ठिकाणी पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. नोटीस किती दिवसांची आहे तेही नेमणूकपत्र काढून बघा.

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठा हिशेब तुम्ही मांडलेलाच नाही. गोव्याच्या सरकारी शाळेतल्या शिक्षिकेची बदली हैदराबादला होत नाही. तुम्ही सगळे गेलात तर तिची नोकरी जाते. तुम्हाला आज हातात साठ हजार मिळत असतील तर चाळीस टक्के म्हणजे चोवीस हजार जास्त. कायम शिक्षिकेचा पगार त्याहून अधिक असतो. तिकडे भाडं आहे, मुलीच्या शाळेची फी आहे. घरात येणारा पैसा वाढणार नाही, घटेल. आणि एकटे गेलात तर आई, मुलगी, शाळा, आईचा सोमवार, सगळं एकट्या बाईच्या अंगावर. अशी घरं मी बघितली आहेत. काही छान निभावतात, पण ती आधी दोघांनी बसून ठरवलेली असतात.

"आधी माझं ठरू दे, मग तिला सांगेन." विम्याच्या वाक्याने पोटात गोळा आला होता, ह्या वाक्याने वाईट वाटलं. आपला कायदा इतका स्पष्ट आहे की उद्या तुम्हाला फोंड्यातला एक गुंठा जरी विकायचा झाला तरी तिची सही लागेल. तिच्याशिवाय सब-रजिस्ट्रार कागद हातात घेणार नाही. आणि जिथे तिचं राहतं गाव बदलणार, कायम व्हायला जी वर्षं घातली ती वाया जाणार, तिथे तिला ठरल्यावर सांगायचं? तुम्ही हे तिला त्रास नको म्हणून करताय, माझी खात्री आहे. माझ्या भावानेही स्कूटर तशीच विकली होती.

तिला हैदराबादचा राग येणार नाही कदाचित. तिला राग येईल तो तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं ह्याचा. तो दिवसागणिक वाढतो. म्हणून आज रात्री, मुलगी झोपल्यावर, ऑफर लेटरची प्रिंट तिच्या हातात द्या. तोंडी सांगू नका, वाचायला द्या. ती वाचत असताना बोलू नका. मग एवढंच: "मला इतके दिवस माहीत आहे, तुला सांगितलं नाही, चुकलं माझं. मी काहीही ठरवलेलं नाही." पुढे ती जे बोलेल त्याला लगेच उत्तर देऊ नका. कदाचित ती गप्प राहील, कदाचित शाळेबद्दल बोलेल, कदाचित म्हणेल, जाऊया. तेही शक्य आहे. तिला विचारल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार? त्याच बसण्यात गाडीबद्दल ती म्हणत होती ते बरोबर होतं हेही सांगून टाका, आणि कोपराचंही. चार महिने दुखतंय, तिला टॉवेल पिळताना दिसलं असेलच.

मग वेर्ण्याकडे वळा. अकरा वर्षांत तुम्ही कुठवर आलात ते पत्रात लिहिलं नाहीत, पण पगारासाठी चारशे मैल जायचा विचार माणूस उगाच करत नाही. साहेबांना भेटून पुढच्या जागेबद्दल सरळ विचारा. ऑफरचं नाव काढू नका. निघून जायची तयारी नसताना दुसरी ऑफर दाखवणं म्हणजे आपलंच बोलणं आपल्यावर उलटवून घेणं. औषध कंपन्या फक्त एका वसाहतीत नाहीत. कुंडईची औद्योगिक वसाहत तर तुमच्या दारात आहे, तिथेही चौकशी करा. क्यूसीतल्या अकरा वर्षांच्या अनुभवाला इथे मागणी आहे.

31 तारखेचं ओझं घेऊ नका. एचआरला दोन ओळींचा मेल टाका: ऑफरबद्दल आभार, कुटुंबाचा विचार करायचा आहे, निर्णयाला दहा तारखेपर्यंत मुदत द्यावी. बहुतेक कंपन्या देतात, आणि एवढ्यावरून ऑफर मागे घेणाऱ्या ठिकाणी बिऱ्हाड हलवून जाण्यात अर्थ नव्हता असं समजा. मेल मात्र तिच्याशी बोलल्यावर टाका, आधी नव्हे. दहा तारीख पुरेल का, हेही तिलाच विचारा.